कुंदाताईंची पांढरी बट

कुंदाताई म्हात्रेंच्या घरी गेलात की कुठे बसायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. ते त्यांनी ठरवलेलं असायचं. त्या सोफ्याच्या कडेला डावा खांदा भिंतीला लावून बसणार आणि पाहुणा त्यांच्या उजव्या हाताला. कुणी चुकून भिंतीकडे सरकलं की लगेच, "तिथे नको, ओल आहे भिंतीला." आमचे हे एकदा हट्टाने तिथेच बसले. घरी आल्यावर म्हणाले, "त्या भिंतीला ओल असेल तर मी नाव बदलीन. पापडासारखी वाळलेली भिंत आहे." मी म्हटलं, असेल काहीतरी वास्तूबिस्तू. मीरा रोडला आम्ही राहायला आलो तेव्हा कुणालाही कशाचीही वास्तू निघायची. आमच्या खालच्यांनी तर वास्तू म्हणून फ्रिज बेडरूममध्ये ठेवला होता.

शेअर रिक्षातही तेच. स्टेशनवरून घरी येताना मागच्या सीटवर डावीकडची कड मिळाली तरच बसणार. आधीच कुणी तिथे बसलेलं असलं तर रिक्षा सोडणार आणि मागची धरणार. रिक्षावाले वैतागायचे. "मावशी, बैठो ना, सीट सीट है." यावर कुंदाताईंचं ठरलेलं उत्तर, "तुझ्यासाठी सीट सीट आहे रे बाबा, माझ्यासाठी नाही." लग्नाच्या जेवणात पहिलं टोक धरायचं, हळदीकुंकवाला सतरंजीची कड धरायची. बाई शिष्ट आहेत असं आमच्या सोसायटीत बऱ्याच जणींचं मत होतं आणि सुरुवातीला माझंही होतं, खोटं कशाला बोलू.

मग एका गणपतीत आम्ही दोघी सोसायटीच्या प्रसादाच्या पिशव्या भरत होतो. जागा नव्हती म्हणून मी त्यांच्या डावीकडे बसले. माझ्या सासूबाई तेव्हा बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ते सगळं मी हळू आवाजात सांगत होते आणि कुंदाताई पिशवीला गाठ मारत मान डोलवून म्हणाल्या, "छानच झालं बाई." मी उठून गेले. बोलणंच टाकलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी बाई दारात, हातात सुकटीच्या चटणीची वाटी. "विजया, त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला ऐकूच आलं नव्हतं. तुझं तोंड बघून मला वाटलं, काहीतरी चांगलं असेल."

"माझं तोंड बघून चांगलं वाटलं?"

"तू रडतानाही हसल्यासारखीच दिसतेस, त्याला मी काय करू?" मग त्यांनी दार लोटलं आणि सांगितलं की डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही, लहानपणी खाडीत पोहताना पाणी गेलं होतं. कुणाला बोलू नकोस म्हणाल्या. मी नाही बोलले. आमच्या ह्यांनाही नाही सांगितलं, ते बिचारे शेवटपर्यंत त्या भिंतीत ओल शोधत राहिले.

कुंदाताई उत्तनजवळच्या डोंगरीच्या. कोळ्याची मुलगी. लग्न होऊन इकडे फ्लॅटमध्ये आल्या. नवरा, विलासराव, एका कारखान्यात स्टोअरला होते, ते लवकर गेले. मुलगा निलेश. कुंदाताईंनी आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर बालवाडी काढली होती आणि कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. चेहऱ्यात पहिल्यांदा लक्षात राहायचे ते डोळे. उजवा साधा, तपकिरी, तुमच्या-आमच्यासारखा. डावा निळा. घारा नाही, चक्क निळा, बाटलीच्या काचेसारखा. बालवाडीतलं प्रत्येक नवं पोर पहिल्या दिवशी त्याच्याकडे आ वासून बघायचं. "बाई, तुमचे डोळे असे का?" कुंदाताई म्हणायच्या, "एक तुमच्यावर ठेवायला आणि एक तुमच्या डब्यांवर." पोरांना पटायचं. मोठी माणसं विचारायची नाहीत, मागून बोलायची.

वर्गात पोरं बसवायची त्यांची पद्धत होती. बडबडी सगळी डावीकडे, आणि ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही ती उजवीकडे, अगदी मांडीला लागून. आता कारण माहीत आहे म्हणून हसू येतं. डावीकडे कितीही गोंगाट झाला तरी बाई आपल्या शांत, आणि उजवीकडचं एखादं लाजरं पोर पुटपुटलं की झुकून ऐकणार. माझी पूर्वा अर्थात डावीकडे. घरी येऊन रडली, बाईंनी मला वाईट पोरांत बसवलं. मी जाब विचारायला गेले तर म्हणाल्या, "अगं, तुझी पोर सबंध दिवस बोलते, कुणी ऐको न ऐको. तिला मी कशाला हवी?" पुढे ह्याच पूर्वाला त्यांनी निलेशला राखी बांधायला लावली. निलेशला सख्खी बहीण नव्हती, पूर्वाला भाऊ नव्हता. "दोन्ही घरची अडचण एका दोऱ्यात भागली," म्हणाल्या.

मासे हा त्यांचा जीव की प्राण. पण समोरच्या दारात हंसाभाभी, जैन, कांदासुद्धा न खाणाऱ्या. आमच्याकडे या विषयावरून कसली कसली भांडणं होतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. कुंदाताईंनी भांडण न करता एक रीत पाडली. तवा ठेवायच्या आधी समोरची बेल वाजवायची आणि सांगायचं, "भाभी, खिडकी लावून घ्या. आज बोंबील है." हंसाभाभी खिडकी लावायच्या. तासाभराने कुंदाताई परत बेल वाजवणार, "हो गया, उघडा." एकदा काही दिवस बेल वाजली नाही तेव्हा हंसाभाभीच घाबरून माझ्याकडे आल्या, "कुंदाबेन की तबियत तो ठीक है ना? मच्छी बंद है." ताप आला होता बाईंना. भाभींनी मुगाचं पाणी करून नेलं.

आणि केस. कुळकुळीत काळे. साठीला आल्या तरी एक पांढरा दिसेल तर शपथ. निलेश मात्र विशी ओलांडायच्या आत अर्धा पिकला होता. आमच्या सोसायटीत त्याचा दोष टँकरच्या पाण्याला दिला जायचा. मीटिंगमध्ये पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, "निलेशचं डोकं बघा, अजून काय पुरावा पाहिजे?" निलेश हसायचा. कुंदाताई उठून चहा टाकायला जायच्या.

निलेशचं लग्न झालं, प्राजक्ता घरात आली. डोंबिवलीची, बँकेत नोकरी, गोड मुलगी. सासूसुनेचं बरं चाललं होतं. मग तिला मुलगी झाली.

मी दवाखान्यात बघायला गेले तेव्हा बाळाच्या डोक्याला कुंची. बाहेर उन्हाळा असा की कपडे अंगाला चिकटत होते, आणि बाळाला गळ्याशी बांधलेली कुंची. मी म्हटलं, "अहो, घामोळं येईल." कुंदाताई म्हणाल्या, "राहू दे." ज्या बाईने कॉलनीतल्या पोरांचे स्वेटर ओढून काढले, "गुदमरवताय पोरांना" म्हणून आयांना झापलं, ती म्हणते राहू दे. मला चमत्कारिक वाटलं.

घरी आल्यावर कळलं. बाळाच्या कपाळावर, बरोबर मध्यावर, पांढरी बट होती. बाकीचं जावळ काळंभोर आणि मधोमध हा पांढरा झुबका. कुंदाताई आंघोळ घातली की त्या झुबक्याला काजळ फासायच्या. विचारलं तर म्हणायच्या, दृष्ट लागू नये म्हणून. तीट सगळेच लावतात, पण कुणी बाळाचे केस काजळाने माखत नाही. शिवाय दवाखान्यातून सोडताना बाळाच्या कानांची तपासणी झाली होती आणि दोन्ही कानांची ‘परत करून घ्या’ असं सांगितलं होतं. निलेश म्हणाला, कानात पाणी असेल. सगळे म्हणाले, पाणीच असेल. कुंदाताई काही म्हणाल्या नाहीत.

बोलल्या त्या त्यांच्या मोठ्या जाऊबाई. उत्तनहून बाळ बघायला आल्या, कुंची सोडली, घामाने काजळ ओघळलं होतं, खालचं पांढरं दिसलं. झालं. "ग्रहणात काय चिरलं का हिने?" प्राजक्ता खरं बोलून गेली. ग्रहणाच्या दिवशी दुधाची पिशवी तिने कात्रीने कापली होती. आता दुधाची पिशवी कात्रीने कापायची नाही तर काय दातांनी फाडायची? पण जाऊबाईंना तेवढं पुरलं. घरात, नातेवाइकांत, फोनवर, दुधाची पिशवी फिरायला लागली. शिकलीसवरलेली मुलगी, बँकेत लोकांचे हिशेब सोडवते, पण बाळंतिणीचं मन. ती खचली. आणि तिला वाटायचं, सासूबाई रोज काजळ लावतात म्हणजे त्यांनाही माझ्या लेकीची लाज वाटते.

एका दुपारी कुंदाताई माझ्या घरी आल्या. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, बसायला नको म्हणाल्या. चेहरा उतरलेला.

"विजया, आज मी आंघोळीहून आले तर प्राजक्ता काजळ लावत होती. स्वतः. बोटाने, हळूहळू, एक एक केस धरून. आणि रडत होती गं. मला माझी आई दिसली."

मग सगळं बाहेर आलं. कानात पाणीबिणी काही गेलं नव्हतं. त्या जन्मल्याच तशा, डावा कान बंद, डावा डोळा निळा आणि कपाळावर पांढरी बट. त्यांचा मामा पूर्ण बहिरा होता, बोलायचा नाही, जाळी विणायचा, त्याच्याही कपाळावर बट. गाव त्याला ‘पांढऱ्या’ म्हणायचं, खरं नाव कुणाला आठवतही नव्हतं. त्या मामाचं लग्न झालं नाही. म्हणून आईने मुलीच्या बटेला तव्याखालची काजळी खोबरेल तेलात कालवून लावायला सुरुवात केली, दर दोन दिवसांनी, शाळेत जायच्या आधी. वर बजावायची, "कोनाला सांगाचं न्हाय हां. झाकली मूठ सव्वा लाखाची." डोळा झाकता येत नव्हता, बट झाकता येत होती, कान तर कुणाला दिसतच नव्हता. लग्नानंतर तव्याची काजळी गेली आणि दुकानातला काळा रंग आला, एवढाच फरक.

"विलासभाऊंना माहीत होतं?"

"पहिल्याच श्रावणात न्हाताना बघितलं त्याने. म्हणाला, छान दिसतंय की, ठेव असंच. मी त्याच दिवशी परत काळी केली." मग म्हणाल्या, "निलेश झाला तेव्हा महिनाभर मी ताट वाजवून बघत होते. दचकायचा. जीव भांड्यात पडला. मला वाटलं, संपलं एकदाचं, माझ्यापाशीच थांबलं. आणि आता ही पोर. तिच्याजवळ मी ताट वाजवलं, विजया. डबा आपटला. झोपूनच राहिली."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला आणि विचारलं, "तुझ्याकडे चांगली कात्री आहे ना?"

बाळ जन्मल्यापासूनच्या धावपळीत त्यांचं केस रंगवणं राहिलं होतं. कपाळाजवळ केसांच्या मुळाशी पांढरा भाग उगवून आला होता, करंगळीच्या पेराएवढा. त्या म्हणाल्या, काळं आहे तेवढं काप. मी कापलं. कापून झाल्यावर कपाळावर नुकत्याच कापलेल्या गवतासारखा पांढरा पट्टा उभा राहिला. आरशात बघून म्हणाल्या, "मेले, ब्रशच दिसतोय." पण डोळे भरले होते.

दोन दिवसांनी बारसं होतं, सोसायटीच्या हॉलमध्ये. कुंदाताई डोक्यावरून पदर घेऊन आल्या. आम्हा बायकांना वाटलं, आज काय हे नवीन. पाळणा सजलेला, प्राजक्ता नव्या साडीत, चेहरा मात्र सुकलेला. डोंबिवलीची मंडळी एका बाजूला, उत्तन-डोंगरीची एका बाजूला, मध्ये जाऊबाई. नाव ठेवायची वेळ झाली. आत्या म्हणून पूर्वा पुढे झाली. तेवढ्यात कुंदाताईंनी बाळाला पाळण्यातून उचललं, कुंची सोडली, ओल्या फडक्याने काजळ पुसलं. आणि स्वतःच्या डोक्यावरचा पदर खाली घेतला.

दोन बटा शेजारी शेजारी.

"बघून घ्या सगळ्यांनी," कुंदाताई बालवाडीच्या आवाजात म्हणाल्या. "हे माझ्याकडून आलंय. माझ्या मामाकडून माझ्याकडे, माझ्याकडून हिच्याकडे. मला डाव्या कानाने जन्मापासून ऐकू येत नाही. हिलाही ऐकू येत नसणार, असं मला वाटतंय. परवा मोठी तपासणी करायची आहे. दुधाच्या पिशवीचा आणि ग्रहणाचा काही संबंध नाही. प्राजक्ताला याच्यापुढे कुणी एक शब्द बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

निलेशचा हात आपोआप स्वतःच्या पिकलेल्या केसांत गेला. "म्हणजे टँकरचं पाणी नव्हतं?" एवढंच तो बोलला, आणि सोसायटीचे सेक्रेटरी, जे दहा ठिकाणी तो पुरावा म्हणून सांगत फिरले होते, छताकडे बघायला लागले. जाऊबाई मात्र वेगळ्याच विचारात होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे माझ्या पोरीच्या हळदीला मी हाका मारत होती, तवा तू मुद्दाम तोंड फिरवून गेली नव्हती?" "नाही हो वहिनी," कुंदाताई म्हणाल्या, "तुम्ही डावीकडून मारल्या असतील." इतक्या वर्षांचा राग होता तो. जाऊबाई तिथल्या तिथे खुर्चीत बसल्या.

मग पूर्वा. बिचारी गोंधळून गेली. बाळाच्या कानात नाव कुजबुजायचं, पण सांगायचं कुठल्या कानात, आणि कशाला? ती कुंदाताईंकडे बघत राहिली. "दोन्हींत सांग," त्या म्हणाल्या, "आणि कुजबुजू नको. तुझा आवाज मला माहीत आहे." पूर्वाने सांगितलं. जोरात सांगितलं. "जुई!" हॉल दणाणला, दोन लहान मुलं रडायला लागली. जुई शांत झोपली होती. ओठ तेवढे दूध प्यायल्यासारखे हलले. प्राजक्ताने ते बघितलं आणि ती कुंदाताईंच्या गळ्यात पडली. मी आजवर बरीच बारशी पाहिली आहेत, पण कुठल्याही बारशात मी इतकी रडले नव्हते.

त्यानंतरचे काही दिवस सोपे गेले असं नाही. निलेश आईशी बोलेना. बोलला तो एकदाच, माझ्यासमोर. "आधी सांगितलं असतंस तर?" कुंदाताई म्हणाल्या, "तर तू लग्न केलं नसतंस? का जुई नको म्हणाला असतास?" मग त्यांनीच कबूल केलं. "सांगायला हवं होतं," म्हणाल्या, "भीती वाटत होती." आईलाही भीती वाटते हे तिच्या तोंडून, मला वाटतं, निलेशने पहिल्यांदाच ऐकलं असेल. पुढच्या रविवारी मी गेले तर गॅलरीत प्राजक्ता सासूच्या डोक्याला तेल लावत होती आणि निलेश बोंबील साफ करत बसला होता. वाईट करत होता, पण करत होता.

मोठ्या तपासणीला मीही गेले होते. त्या तपासणीत बाळ झोपलेलं लागतं, म्हणून सकाळपासून झोपू द्यायचं नाही. आता जिला आवाजच पोहोचत नाही त्या पोरीला जागं कसं ठेवायचं? कुंदाताईंनी बालवाडीतली सगळी सोंगं काढली. माकड केलं, म्हातारा केला, रिक्षात फुगडी सोडून सगळं केलं. रिक्षावाला आरशात बघून हसत होता. तिथे पोहोचल्यावर अंधाऱ्या खोलीत जुईच्या डोक्याला वायरी लावल्या, आणि झोपल्या कोण, तर कुंदाताई. घोरायला लागल्या. जुई टक्क जागी, आजीकडे बघतेय. तपासणी करणाऱ्या मुलीने परत तासाभराने बोलावलं.

निकाल त्यांच्या अंदाजासारखाच लागला, दोन्ही कान. डॉक्टरीणबाईंनी आजी, मुलगा आणि नात, तिघांना ओळीने बसवून बघितलं. मग एक लांबलचक परदेशी नाव सांगितलं. म्हणाल्या, हे फार कमी लोकांत असतं, जन्मतःच रक्तातून येतं. बट, डोळ्याचा रंग, अकाली पिकलेले केस, कान, सगळं एकाच मुळाचं. एकाच घरात कुणाला नुसती बट येते, कुणाचा एक कान जातो, कुणाचे दोन्ही. कुणाच्या करण्या-न करण्याने होत नाही. आणि या मुलीला यंत्र बसवता येईल, लवकर बसवलं तर ती ऐकायला आणि बोलायला शिकेल. जितकं लवकर तितकं बरं.

कुंदाताईंनी ते नाव तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा वेगळं. बाहेर आल्यावर पायरीवर बसल्या. मला वाटलं, निकालाने खचल्या. तर म्हणाल्या, "याला नाव आहे, विजया. मामा गेला तेव्हा गावात म्हणाले, मागच्या जन्मीचं काहीतरी फेडत होता." मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "आणि त्यालाही नाव होतं. गोविंद."

जुई वर्षाची झाल्यावर ऑपरेशन झालं. एका कानामागे आत यंत्र, बाहेर केसांत चिकटणारी एक चकती आणि कानावर छोटं मशीन. ऑपरेशनच्या वेळी मात्र कुंदाताई, आमची ही वाघीण, पार शेळी झाली. उत्तनच्या देवीला काय काय नवस बोलून आली आणि हंसाभाभी तिकडे देरासरात, त्यांच्या जैन मंदिरात, वेगळं काही बोलल्या. दोन्ही देव खूश झाले असावेत, सगळं नीट पार पडलं. पण यंत्र बसवलं म्हणजे पोर लगेच ऐकायला लागते असं नसतं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा जुई घाबरून रडली आणि तिने चकती ओढून फेकली. आवाज म्हणजे काय हेच तिला शिकायचं होतं.

ते शिकवायला कुंदाताई पदर खोचून बसल्या. बालवाडी बंदच केली. रोज सकाळी जुईच्या हातात लाकडी मणी द्यायचा, तिच्या पाठीमागे डफ वाजवायचा, आणि आवाज आला की तिने मणी डब्यात टाकायचा. जुई टाकायची नाही. दिवसचे दिवस नाही. कधी चकती डाळीत सापडायची, कधी कुंडीत. प्राजक्ता ऑफिसला जाताना डोळे पुसत जायची. मग एका सकाळी बेल वाजली, दारात कुंदाताई, हातात तो डबा. "टाकला," म्हणाल्या. डब्यात एकच मणी होता. तो घेऊन त्या समोर हंसाभाभींकडे गेल्या, मग वरच्या मजल्यावर गेल्या. बारसं झाल्यापासून त्यांनी केस रंगवले नव्हते, बट चांगली हनुवटीपर्यंत वाढली होती, आणि त्या जिना चढत होत्या तेव्हा ती एकसारखी तोंडावर येत होती.

शब्द यायला आणखी वेळ लागला. आधी ‘आई’ आलं. मग ‘बाबा’. मग ‘भूभू’. कुंदाताई वरवर हसायच्या. "कुत्र्याचाही नंबर लागला, माझा नाही." ‘आजी’तला ज जुईला जमत नव्हता. त्या जुईचा हात आपल्या गळ्यावर ठेवून दिवसभर म्हणायच्या, आजी, आजी, आजी. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. कधी कधी मलाच वाटायचं, जाऊन आपणच हाक मारावी.

पुढे निलेशने ठाण्याला घर घेतलं, जुईला बोलायला शिकवणाऱ्या बाईंचं केंद्र तिथून जवळ होतं. कुंदाताईंचंही सामान बांधायला सुरुवात झाली. आम्ही दोघी त्या विषयावर बोलायचं टाळत होतो.

त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते. कुंदाताई गेटमधून बाहेर पडत होत्या, बिल्डिंगकडे पाठ, हातात माशांची पिशवी. वर गॅलरीच्या जाळीला तोंड लावून जुई उभी होती, मागे प्राजक्ता. आणि वरून हाक आली. नीट नव्हती, ज अजून बोबडाच होता, आवाज जरा जास्तच मोठा. पण हाक होती. कुंदाताई थांबल्या नाहीत. दोन पावलं गेल्या. मला वाटलं, डाव्या बाजूने आली, यांना पोहोचलीच नाही. इतकं सगळं करून पोरीने हाक मारावी आणि ती आजीपर्यंत जाऊ नये. मी पिशवी तिथेच टाकून धावले आणि त्यांचं मनगट धरलं.

"अहो कुंदाताई, जुई हाक मारतेय."

त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, निळ्यातून आणि तपकिरीतून.

"ऐकलंय गं," म्हणाल्या. "गप्प राहा जरा. परत मारू दे."

वरून परत हाक आली. तळमजल्याच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं, मग दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी उघडली.

"परत मारू दे," कुंदाताई म्हणाल्या. "कळू दे सगळ्या बिल्डिंगला, कुणाची आजी ते."